मयतांच्या वहीतले पूर्वज

स्मरणिका समितीने मला ‘काहीतरी ऐतिहासिक लिहा’ असं सांगितलं, तेव्हा मी वसईच्या किल्ल्यावर लिहीन असा त्यांचा अंदाज असावा. किल्ल्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. चिमाजी अप्पांवर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे आपल्या ‘बी’ विंगमध्येच दोघे आहेत. मी लिहिणार आहे ते एका वहीबद्दल. वसईतल्या जुन्या चर्चच्या ऑफिसात, लोखंडी कपाटात, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्यांच्या खाली ती असते. तिचं नाव मयतांची वही. बाप्तिस्म्याचा दाखला शाळेला लागतो, पासपोर्टला लागतो. लग्नाचा दाखला लागतो. मयतांची वही उघडायला सहसा कुणी येत नाही, त्यामुळे तिची पानं बाकीच्या वह्यांपेक्षा शाबूत राहिली आहेत, असा माझा अनुभव आहे. कसर मात्र तिलाही लागतेच.

जुन्या नोंदी शोधणं म्हणजे काय, हे आता आपल्या सभासदांना समजावून सांगायची गरज उरलेली नाही. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि गाव नमुना १४, कोतवाल बुक, मोडी वाचक हे शब्द लिफ्टमध्ये ऐकू येऊ लागले. घाटावरच्या आपल्या काही मंडळींनी तहसील कचेरीत किती खेपा घातल्या ते मी पाहिलं आहे. कोतवाल बुकात गावातले जन्म आणि मृत्यू लिहिलेले असत. चर्चच्या वहीचं कामही तेच, फक्त लिहिणारा कोतवालाऐवजी धर्मगुरू आणि लिपी मोडीऐवजी रोमन. भाषा कधी लॅटिन, कधी पोर्तुगीज, नंतरनंतर इंग्रजी आणि अगदी अलीकडे मराठी.

ही पद्धत युरोपातून आली. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे धर्मग्रामाने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी आणि ती दोन कुलुपांच्या पेटीत ठेवावी. एक किल्ली धर्मगुरूकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. आम्ही बँकवाले याला जॉइंट कस्टडी म्हणतो. कॅशियर आणि अकाउंटंट दोघे आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही, ही कल्पना बँकांनी शोधली अशी माझी नोकरीभर समजूत होती, म्हणून हे वाचताना गंमत वाटली. कॅथलिकांमध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी सक्तीच्या केल्या आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मयतांच्या नोंदीचा नमुनाच घालून दिला. त्या नमुन्यात काय काय लिहायचं ते पाहा: वर्ष, दिवस, महिना, अमक्याचा मुलगा किंवा मुलगी, गाव, वय, कोणाच्या घरी प्राण सोडला, कोणत्या दिवशी कुठे पुरलं, शेवटचं पापनिवेदन केलं का, शेवटचं कम्युनियन घेतलं का, तेल लावलं का. आपल्या महानगरपालिकेच्या मृत्यू दाखल्यात तरी यापेक्षा जास्त काय असतं?

आता कुणी म्हणेल, आमच्याकडेही नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, पंढरपूरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात, त्यात सात-सात पिढ्या सापडतात. अगदी खरं. मी स्वतः एका मित्राबरोबर नाशिकला जाऊन त्याच्या आजोबांची मोडीतली सही पाहिली आहे, आणि त्याच्याइतकाच मीही खूश झालो होतो. पण त्या वहीत नाव यायला कुणीतरी यात्रेला जावं लागतं, आणि तिथे लिहून देतो तो बहुतेक घरातला कर्ता पुरुष. जो गेलाच नाही, ज्याच्याकडे जायला पैसे नव्हते, जे मूल दीड वर्षाचं होऊन गेलं, त्याची तिथे नोंद कशी असणार? मयतांच्या वहीला कुणाच्या यात्रेची वाट पाहावी लागत नाही. प्रेत दारात आलं की धर्मगुरूला लिहावंच लागतं. शेतमालक असो, त्याचा गडी असो, आठ दिवसांचं बाप्तिस्मा झालेलं बाळ असो, ओळ एकेकच मिळते.

शिवाय आमच्याकडे कबरी टिकत नाहीत. विलायतेत दोनशे वर्षांच्या दगडावरची नावं वाचता येतात. आमच्या दफनभूमीत जागा मुळात थोडी. थोड्या वर्षांनी तीच कबर उघडून दुसऱ्याला देतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात नाहीतर अस्थिकूपात जातात. संगमरवरी पाटी असते ती मोजक्या घरांची. बाकीच्यांचा जमिनीवरचा पुरावा एका पिढीतच संपतो. राहते ती कागदावरची ओळ.

ही ओळ वाचायची कशी, हे सांगायला मला आवडतं, कारण नोकरीत मी काही वर्षं इन्स्पेक्शनला होतो आणि जुनी खातेवही उघडली की अजूनही माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. पहिला सापळा महिन्याचा. जुन्या लॅटिन आणि पोर्तुगीज नोंदींत सप्टेंबर हा ७ च्या आकड्यापुढे ‘ब्रे’ची अक्षरं जोडून लिहितात, ऑक्टोबर ८ ने, नोव्हेंबर ९ ने, डिसेंबर रोमन दहाने. नवखा माणूस सात पाहून जुलै लिहून घेतो आणि मग पुढचं सगळं गणित दोन महिन्यांनी चुकतं. सप्टेंबर या शब्दाचा अर्थच सातवा. रोमन वर्ष एकेकाळी मार्चमध्ये सुरू व्हायचं त्याची ही खूण.

दुसरा सापळा सन-तारखेचा, पण तो फक्त १७५२ च्या आधीच्या इंग्रजी वह्यांत. पोर्तुगालने ग्रेगोरियन पंचांग १५८२ मध्येच घेतलं, इंग्रजांनी १७५२ पर्यंत घेतलं नाही. त्यामुळे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वसईत आणि मुंबईत एकाच दिवशी तारखा अकरा दिवसांनी वेगळ्या होत्या. वसईचा तह १६ मे १७३९ ला झाला तो दिवस मुंबईकर इंग्रजांच्या कागदात ५ मे ठरतो. त्यातून इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. म्हणजे एखाद्या इंग्रजाचं दफन फेब्रुवारी १७२० असं लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१. आमचा फायनान्शियल इयर ज्यांना समजतो त्यांना हे अवघड जाऊ नये.

तिसरी अडचण नावांची, आणि ही सगळ्यात मोठी. वसईच्या कुठल्याही गावात संतांची नावं मोजकी आणि पोर्तुगीज आडनावंही मोजकी. पेद्रू, जुवांव, फ्रान्सिश्कु आणि मारिया, पानोपानी हेच. एका वर्षात एकाच नावाआडनावाचे तीन जण सापडले तर आपला कोणता? इथे मयताच्या नोंदीतले लहान शब्द कामाला येतात. ‘फिल्यु’ म्हणजे मुलगा, ‘विउवा’ म्हणजे विधवा, ‘सोल्तैरु’ म्हणजे अविवाहित. पाठोपाठ आळीचं नाव, तेही पोर्तुगीज कानाने ऐकलेलं, म्हणून मोठ्याने वाचून पाहावं लागतं. आणि बायकांच्या बाबतीत एक मोठा फायदा आहे. लग्नात नाव बदलायची चाल आमच्यात नसल्याने बाप्तिस्म्याचं नाव शेवटपर्यंत तेच राहतं. नोंदीत ती ‘अमक्याची बायको’ असतेच, पण तिचं स्वतःचं नावही असतं. आपल्यातल्या किती जणांना पणजीचं माहेरचं नाव सांगता येईल? लेख वाचताना हात वर करायची गरज नाही.

आता या वहीने आमच्या घरात काय केलं ते सांगतो.

माझ्या चुलतभावाने बरीच मेहनत करून आमच्या कुळाची वंशावळ तयार केली. त्याने बाप्तिस्म्याच्या वह्या पाहिल्या होत्या. माझ्या वडिलांच्या नावाचा, त्याच आईबापांचा बाप्तिस्मा त्याला १९१६ च्या वहीत सापडला. शाळेच्या दाखल्यावर बाबांची जन्मतारीख १ जून १९१९ होती. आता, १ जून ही तारीख आपल्या पिढीतले लोक चांगली ओळखतात. मास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राला त्याच दिवशी जन्माला घातलं. तेव्हा शाळेत वय तीन वर्षं कमी लावलं असणार असं सगळ्यांनी धरलं, वंशावळीत १९१६ छापलं गेलं आणि २०१६ साली बाबांच्या जन्मशताब्दीची मिस्सा झाली, जेवण झालं, फोटो निघाले.

मला खटकत होतं ते एवढंच की आजी बाबांना ‘शेंडेफळाआधीचा’ म्हणायची, आणि त्या वंशावळीत ते थोरले ठरत होते. एका पावसाळ्यात मी फादरांची परवानगी घेऊन मयतांची वही पाहायला बसलो. १९१८ पर्यंत आलो. त्या वहीत एरवी एका पानावर दोन-तीन महिने मावतात. ऑक्टोबर १९१८ पानंच्या पानं चालला होता. अक्षर सुरुवातीला नेहमीचं, गोल, सावकाश लिहिलेलं, मग घाईचं, मग दुसऱ्याच कुणाचं. शेवटच्या संस्कारांचा तपशील गळत गेला, फक्त नाव, बाप, वय, तारीख राहिली. शाई पातळ केल्यासारखी.

ही मानमोडीची साथ. महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात इन्फ्लुएंझाची पहिली लाट जूनमध्ये मुंबई बंदरात उतरली आणि ओसरली. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती माणसं घेऊनच गेली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एकट्या मुंबई शहरात एका दिवसात सातशेहून जास्त मृत्यू झाले. देशभरात सव्वा कोटीच्या पुढे माणसं गेली असं मानतात. कोविडच्या काळात हे आकडे आपण सगळ्यांनी व्हॉट्सअॅपवर वाचले. पण आकडा वाचणं वेगळं आणि एकाच गावाच्या एकाच वहीत ते उतरताना पाहणं वेगळं.

११ ऑक्टोबरला माझ्या आजोबांची मुलगी, वय पाच. १९ ऑक्टोबरला माझ्या आजोबांचा मुलगा, वय अडीच. नाव माझ्या वडिलांचं.

मी वही बंद केली नाही. तारखा उतरवून घेतल्या आणि बाप्तिस्म्याची वही पुन्हा मागितली. १९१६ च्या बाप्तिस्म्यात अडीच वर्षं मिळवली की बरोबर तो ऑक्टोबर येतो. मग पुढे चाळत गेलो तर मार्च १९१९ मध्ये तेच नाव, तेच आईबाप, पुन्हा. हे माझे वडील. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला द्यायची रीत युरोपातही होती, आमच्यातही. चुलतभाऊ पहिल्या नोंदीवर थांबला होता, आणि ती नोंद खोटी नव्हती. फक्त तो मुलगा वाढला नाही हे बाप्तिस्म्याची वही सांगत नाही. ते काम या दुसऱ्या वहीचं. लेजरमध्ये जमेची बाजू पाहून कुणी शिल्लक काढत नाही.

मार्चवरून मागे मोजलं तर त्या ऑक्टोबरात आजी चार महिन्यांची गरोदर होती. त्या साथीत गरोदर बायका जास्त दगावल्या असं डॉक्टर लोक सांगतात. म्हणजे माझे वडील, मी, माझी मुलं, नातवंडं हे सगळं त्या महिन्यात किती थोडक्यावर होतं, याचा मी त्या ऑफिसातल्या बाकावर बसून बराच वेळ हिशेब करत राहिलो. बाहेर फादरांना भेटायला माणसं थांबली होती.

घरी आल्यावर नव्वदीला टेकलेल्या आत्याला विचारलं. तिचा जन्म या सगळ्याच्या नंतरचा. ती म्हणाली, “आईने नावं कधी काढली नाहीत रे. पण २ नोव्हेंबरला सगळ्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की ती एकटी मागच्या भिंतीशी जायची. तिथे कबर नव्हतीच, नुसतं गवत. दोन मेणबत्त्या लावून यायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी.” मागच्या भिंतीकडचा तो कोपरा पूर्वी लहान मुलांचा होता, हे मला नंतर दफनभूमी सांभाळणाऱ्याकडून कळलं.

चुलतभावाला मी तारखा दाखवल्या तेव्हा तो आधी गप्प बसला आणि मग म्हणाला, “मग २०१६ ची मिस्सा कुणाची झाली?” ज्याची शंभरी भरली होती त्याची झाली. १९१८ च्या घाईत त्या मुलाला कदाचित धड प्रार्थनाही मिळाली नसेल. बाबांची मिस्सा आम्ही मार्च २०१९ मध्ये पुन्हा केली. वंशावळीत आता दोन छोट्या फांद्या वाढल्या आहेत.

एवढं वाचून कुणाला वाटेल की हा ख्रिस्ती लोकांचा घरगुती मामला आहे. तसं नाही. १६६२ साली लंडनमध्ये जॉन ग्राँट नावाच्या कापड-बटणांच्या व्यापाऱ्याने तिथल्या पॅरिशमधल्या दफनांच्या साप्ताहिक याद्या मांडून बसून हिशेब केला आणि अंदाज बांधला की शंभर मुलांपैकी सुमारे ३६ सहा वर्षांची व्हायच्या आत जातात. ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे त्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या आकड्यांवरून आयुर्मानाचा तक्ता काढला आणि वर्षासनाची किंमत कशी ठरवावी ते दाखवलं. आपण भरतो तो विम्याचा हप्ता अशाच वह्यांतून निघाला आहे.

इंग्लंडातल्या ईयम गावची कथा काहींनी ऐकली असेल. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये या गावाने आपणहून वेस बंद करून घेतली. तिथल्या हॅनकॉक कुटुंबातल्या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. माझ्या आजीच्या दोन ओळी पाहिल्यापासून ती गोष्ट मला परकी वाटत नाही.

मुंबई-पुण्यातल्या ब्रिटिशांच्या दफनांचं दप्तर तर फारच व्यवस्थित. कंपनीच्या काळापासून चर्चमधल्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत; बंगालच्या एन-१, मद्रासच्या एन-२, मुंबई इलाख्याच्या एन-३. मृत्यूचा दिवस, दफनाचा दिवस, वय, हुद्दा, पलटण आणि पुष्कळदा कारणही. दफन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी; आपल्या हवेत दुसरा इलाज नव्हता. कुणाचे पूर्वज रेल्वेत किंवा पलटणीत असलेले अँग्लो-इंडियन असतील तर त्यांनी तिथून सुरुवात करावी. गोव्याकडच्या मंडळींसाठी वेगळा रस्ता आहे. तिथे सरकारी नागरी नोंदणी १९१४ पासून सक्तीची झाली. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत, आणि त्यातल्या बऱ्याच जुन्या वह्या आता पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत.

आमच्या वसईचं मात्र सांभाळून. १७३९ च्या धामधुमीत कित्येक चर्चेस ओस पडली आणि दप्तरंही गेली, त्यामुळे त्याआधीचं काही मिळेल अशी आशा धरून बसू नये. पोर्तुगीजांचं राज्य गेलं तरी वह्यांतलं पोर्तुगीज गेलं नाही, कारण ही चर्चेस पुढेही पोर्तुगीज आश्रयाखालच्या धर्मप्रांतात राहिली. १८८६ नंतर दमणच्या. १९२८ मध्ये तो धर्मप्रांत बंद होऊन वसई मुंबईच्या आर्चडायोसिसकडे आली आणि १९९८ पासून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे.

वही काय सांगत नाही तेही लक्षात ठेवा. तिच्यात दफन लिहिलेलं असतं. बोट बुडून गेलेला, प्रेत न सापडलेला कोळी तिच्यात नसण्याचीच शक्यता जास्त. बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ बहुधा नाही. मुंबईला गिरणीत किंवा गोदीत काम करता करता गेलेला माणूस मुंबईच्या वहीत. वय अंदाजाने लिहिलेलं असतं. साठ, सत्तर, ऐंशी असे गोल आकडे दिसले की दोन्हीकडे पाच वर्षं सोडावीत. लहान मुलांचं वय मात्र महिन्यांत लिहिलेलं असतं आणि ते सहसा बरोबर निघतं. सांगणारी आई शेजारीच उभी असणार.

ज्यांना पाहायचं असेल त्यांनी आधी फादरांना चिठ्ठी द्यावी, रविवारी जाऊ नये, त्या दिवशी त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. वहीचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. अलीकडच्या नोंदी जिवंत माणसांच्या घरातल्या असतात. पेन नको, पेन्सिल न्या. भिंग न्या. कोऱ्या कागदावर आधी जसं दिसतं तसं उतरवा, अर्थ घरी लावा. वारस नोंदीसाठी दाखला हवा असेल तर तारीख आणि पान क्रमांक लिहून द्या म्हणजे त्यांना शोधावं लागत नाही.

पोर्तुगीजमधले नेहमीचे पंचवीस-तीस शब्द मी एका फुलस्केपवर लिहून काढले आहेत. त्याची झेरॉक्स सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरींकडे ठेवली आहे, सभासदांच्या ‘जे’ रजिस्टरच्या फाइलजवळ. भिंग माझ्याकडे मिळेल, पण परत आणून द्यावं.